कुलूप लावण्याचा पगार

टॅबलेटवर माणसांनी काय काय करू नये, हे ठरवण्याचा मला काही वर्षं पगार मिळत होता. कामाचं नाव भारदस्त होतं, ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’. प्रत्यक्षात पुण्यात बसून परभणी, बीड, सोलापूर, धुळे इकडे गावोगाव फिरणाऱ्या टॅबलेटांच्या एकेक सोयी बंद करायच्या. आमचे ग्राहक म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या वित्तसंस्था, औषध कंपन्या, कधी एखादी सर्वेक्षण करणारी संस्था. ते शेकड्यांनी टॅबलेट घ्यायचे आणि आमच्याकडे यादी पाठवायचे. यूट्यूब नको. ब्राउझर नको. सेटिंगमध्ये शिरता येऊ नये. कॅमेरा फक्त आमच्याच ॲपमधून उघडावा. एका साहेबांना तर वॉलपेपरसुद्धा कुणी बदललेला चालणार नव्हता. कंपनीचा लोगो दिसलाच पाहिजे.

हे करणं अवघड नसतं. नवाकोरा अँड्रॉइड टॅबलेट खोक्यातून काढायचा, स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवायचं, की क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. आपला कोड दाखवला की टॅबलेट आपल्या सर्व्हरला जोडला जातो आणि तिथून पुढे त्याने काय करायचं ते आपण ठरवतो. एकच ॲप पडद्यावर जखडून ठेवायची सोय तर अँड्रॉइड ५.० पासून मूळ यंत्रणेतच आहे. आयपॅडवर तिला ‘सिंगल ॲप मोड’ म्हणतात. आमच्या ऑफिसात दोन्हींचं नाव एकच, ‘किऑस्क’. “त्या लॉटला किऑस्क मारलास का?” असं विचारायचे.

एका वित्तसंस्थेच्या यादीत कॅल्क्युलेटरही होता. तो बंद झाल्यावर परभणीकडच्या एका फील्ड ऑफिसरचा फोन आला.

“मॅडम, टॅबमधून कॅल्क्युलेटर बी गेला की हो.”

“गेला नाही, बंद केलाय. तुमच्या हेड ऑफिसनंच सांगितलंय.”

“गटाच्या बाया हप्त्याचा हिशोब विचारतात. तोंडी सांगू का मग?”

“ॲपमध्ये जो आकडा येईल तोच सांगायचा, असं म्हणणं आहे त्यांचं.”

“बरं. मोबाइलवर करतो मी.”

हेड ऑफिसचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. हिशोब दोन ठिकाणी झाला की आकडे दोन येतात, आणि मग बाई म्हणते, तुमच्याच माणसाने हप्ता कमी सांगितला होता. पण त्या टॅबलेटमधला आठ कोअरचा प्रोसेसर दिवसभर काय करायचा, तर फॉर्म भरून घ्यायचा. बाकी वेळ बसून. आणि शेजारी खिशातल्या मोबाइलवर व्याजाचा गुणाकार चालू.

तरीही कुलपं लावल्यावर मदतीसाठी येणारे फोन कमी व्हायचे, हे मी स्वतः पाहिलंय. गेममुळे दुपारीच उतरलेली बॅटरी, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी भरलेली जागा, कुणाच्या तरी पोराने बदललेली भाषा, हे सगळे फोन बंद. त्यामुळे ‘कंपन्या चांगल्या यंत्रांना मुद्दाम पांगळं करतात’ असं कुणी तावातावाने म्हणू लागलं की मी लगेच मान डोलावत नाही. मर्यादा घातलेलं यंत्र सांभाळायला सोपं असतं, आणि सांभाळण्याचा खर्च ज्याच्या डोक्यावर आहे त्याला ते कळतं.

पुढे मी नोकरी बदलली आणि कुलपाच्या दुसऱ्या बाजूला आले. चित्रं काढायचं ॲप बनवणारी छोटी कंपनी. आता आमच्या ॲपने काय करू नये हे दुसरं कुणी ठरवत होतं.

टॅबलेटवरच्या चित्रकाराला सगळ्यांत जास्त काय हवं असतं? लेअर. रेषा एका लेअरवर, सावली दुसऱ्यावर, मागचा डोंगर तिसऱ्यावर. ए४ आकाराचं मुखपृष्ठ ३०० डीपीआयने काढायचं तर एका लेअरला साधारण ३५ एमबी मेमरी लागते. तेच ६०० डीपीआयने काढलं तर चौपट, म्हणजे जवळपास १४० एमबी. दिवाळी अंकांच्या हंगामात आमचे चित्रकार पन्नास-साठ लेअर सहज करायचे आणि मग ॲप डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचं. लॅपटॉपवर मेमरी कमी पडली की यंत्रणा काही भाग डिस्कवर लिहून ठेवते, पंखा घोंघावतो, सगळं मंदावतं. पण काम बहुधा टिकतं. टॅबलेटची जुनी रीत वेगळी. जो जास्त खातो त्याला यंत्रणा मारून टाकते. आम्ही आपसात ‘क्रॅश झालं’ म्हणायचो नाही, ‘मारलं’ म्हणायचो. ग्राहकाच्या दृष्टीने अर्थातच दोन्ही सारखंच, आणि शिव्या आम्हाला.

ही रीत कुठून आली ते पाहिलं तर राग थोडा निवळतो. २०१०च्या पहिल्या आयपॅडमध्ये मेमरी होती २५६ एमबी. यंत्रणा फोनची, साठवण फ्लॅशची. तिच्यावर सतत लिहीत राहिलं की ती झिजते. अशा यंत्रात मेमरीची उधारउसनवारी न करता समोरचं ॲप झरझर चालू ठेवायचं आणि मागचं गोठवायचं, हा शहाणा निर्णय होता. पडद्यावर बोट फिरवलं की चित्र बोटासोबत सरकतं, बॅटरी दिवसभर पुरते, याचं श्रेय त्या कडकपणालाच जातं. माझ्या आईला टॅबलेट आवडायचा तो नेमका यामुळे.

घोटाळा पुढे झाला. यंत्र बदललं, रीत तीच राहिली. २०२१मध्ये ॲपलने आयपॅड प्रोमध्ये एम१ चिप घातली, म्हणजे काही महिन्यांपूर्वी मॅकबुक एअरमध्ये आलेलीच चिप. मेमरी ८ जीबी, आणि साठवण एक टीबी किंवा दोन टीबीची घेतली तर १६ जीबी. चित्रकलेची ॲप बनवणाऱ्यांनी मोजून पाहिलं तर एका ॲपला मिळत होती साधारण ५ जीबीच, टॅबलेट कुठलाही घ्या. मी वर सांगितलेल्या हिशोबाने ६०० डीपीआयचे पस्तीसेक लेअर. दुप्पट मेमरीचे पैसे मोजलेल्या माणसाला एकाच ॲपमध्ये एकही लेअर जास्त नाही. त्याच वर्षीच्या आयपॅडओएस १५मध्ये जास्त मेमरी मागण्याची परवानगी ॲपना मिळाली, आणि २०२२च्या आयपॅडओएस १६मध्ये एम१ आणि पुरेशी साठवण असलेल्या टॅबलेटांना डिस्कची उधारी मिळाली. चिप तीच, मेमरी तीच. बदलला तो नियम.

याहून बोलका प्रसंग २०२०चा. मॅक संगणक इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर नेणार, असं ॲपलने त्या जूनमध्ये जाहीर केलं आणि सरावासाठी डेव्हलपरांना एक मॅक मिनी भाड्याने दिला. त्याच्या पोटात ए१२झेड चिप होती, म्हणजे त्याच वर्षीच्या आयपॅड प्रोची. मेमरी जास्त होती, डबाही मोठा होता, हे खरं. पण आयपॅडच्या चिपवर अख्खी मॅकची यंत्रणा चालते हे जगभरच्या प्रोग्रामरांनी तेव्हा आपापल्या टेबलावर पाहिलं. त्यानंतर ‘हार्डवेअरला झेपणार नाही’ हे उत्तर आमच्या धंद्यातल्या कुणाला पटेना.

मग चिप एवढी ताकदवान घालतातच कशाला? हा प्रश्न मला दुकानातले विक्रेतेसुद्धा विचारतात. माझं उत्तर असं, की ती ताकद टॅबलेटसाठी म्हणून बनवलेलीच नसते. चिप आखायला अफाट खर्च येतो. एकदा आखली की ती जितक्या यंत्रांत बसवता येईल तितकं बरं. शिवाय एखादा कोअर नीट निघाला नाही तर ती चिप फेकत नाहीत, स्वस्तातल्या मॉडेलात बसवतात. २०२४च्या एम४ आयपॅड प्रोमध्ये २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलांना नऊ कोअर मिळाले, त्यावरच्यांना दहा. ही एम४ कुठल्याही मॅकच्या आधी आयपॅडमध्ये आली. जगातल्या अव्वल चिपांपैकी एक, ५.१ मिलिमीटर जाडीच्या टॅबलेटमध्ये. त्या वसंतात त्या टॅबलेटवर कंपनीचा स्वतःचा कॅल्क्युलेटर अजून नव्हता. तो सप्टेंबरात आयपॅडओएस १८बरोबर आला, पहिल्या आयपॅडनंतर चौदा वर्षांनी. मला परभणीचा तो फोन आठवलाच.

उष्णतेचं कारण पुष्कळदा पुढे केलं जातं. पंखा नाही, जाडी नाही, तासभर व्हिडिओ काढत बसलं तर यंत्र तापणार. खरंच तापतं, हात लावून पाहा. पण पंखा मॅकबुक एअरमध्येही नाही. ताप वाढला की चिप आपोआप वेग कमी करते. त्यासाठी सोयच काढून टाकायची गरज नसते.

आमच्या ॲपमध्ये चित्र कसकसं उमटत गेलं त्याचा व्हिडिओ काढता यायचा. मुलांची पुस्तकं रंगवणारे कोल्हापूरचे एक चित्रकार तो प्रकाशकाला पाठवायचे. त्यांचा फोन:

“ताई, व्हिडिओ निम्मा झाला होता. व्हॉट्सॲपवर एक मेसेज बघून आलो तर परत शून्यावर.”

“ॲप समोर उघडं ठेवावं लागतं दादा, पूर्ण होईपर्यंत.”

“म्हणजे मी नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं?”

टॅबलेट कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही, कारण मागे गेलेल्या ॲपला काही क्षणांत झोपवायचं ही पद्धत तेव्हा कमीअधिक सगळीकडेच होती. कारण पुन्हा बॅटरीचंच, आणि तेही खोटं नाही: मागे लपून बॅटरी पिणारी ॲप मी पहिल्या नोकरीत रोज पकडत होते. पण पन्नास हजारांवर पैसे मोजलेल्या माणसाला ‘बॅटरी गेली तरी चालेल, हे काम होऊ दे’ एवढं सांगण्याचं बटणही नसावं? आयपॅडवर अशा लांबलचक कामांना मागे चालू राहण्याची रीतसर सोय २०२५च्या आयपॅडओएस २६मध्ये आली. त्याच आवृत्तीत हव्या त्या आकाराच्या खिडक्याही आल्या, लॅपटॉपसारख्या. गंमत म्हणजे २०२२मध्ये एकावर एक खिडक्यांची ‘स्टेज मॅनेजर’ ही सोय आणताना कंपनीने आधी सांगितलं होतं की याला एम१च हवी, मग ओरड झाल्यावर २०१८ आणि २०२०च्या प्रोनाही ती दिली. २०२५च्या खिडक्या ए१२ चिपच्या साध्या आयपॅडवरही चालतात. कमी उघडतात, पण चालतात. कामकरी इंजिनिअर म्हणून मी एवढं कबूल करीन की मधल्या काळात कुणीतरी ते सगळं नव्याने लिहिलं असणार आणि तसं लिहायला वर्षं लागतात. पण मग ‘अजून लिहून झालं नाही’ असं म्हणावं. चिपवर ढकलू नये.

बोटाची अडचण मात्र खरी आहे आणि बाहेरच्यांना ती कळत नाही. बोटासाठी बटण किमान ४४ पॉइंटचं असावं, असा ॲपलचाच दंडक. माउसला त्याच्या निम्म्यात भागतं. लॅपटॉपवरचं एखादं गच्च भरलेलं सॉफ्टवेअर तसंच्या तसं टॅबलेटवर आणलं तर बोटाने भलतंच काहीतरी दाबलं जातं. आमच्या ॲपला ट्रॅकपॅडची जोड दिली तेव्हा प्रत्येक गोष्ट तीनदा तपासावी लागली: बोटाने, पेनने, माउसने. ही मेहनत कुणाला दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये उलट बाजूने हात पोळून घेतले. सरफेस आरटीवर विंडोजचा डेस्कटॉप दिसायचा, पण बाहेरून आणलेला एकही डेस्कटॉप प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हता. जे हवं ते कंपनीच्या दुकानातूनच. लोक घरी नेऊन आपले जुने प्रोग्रॅम टाकायला जायचे आणि हात हलवत परतायचे. जानेवारी २०१३मध्ये एका हौशी प्रोग्रामरने दाखवून दिलं की कुणाच्या सहीचे प्रोग्रॅम चालू द्यायचे हे ठरवणारा, यंत्रणेच्या गाभ्याच्या (कर्नेलच्या) मेमरीतला एक आकडा बदलला की ही बंदी उठते, आणि त्या चिपसाठी नव्याने बांधलेले प्रोग्रॅम चालू लागतात. त्या जुलैत कंपनीने सरफेस आरटीपायी ९० कोटी डॉलरचा तोटा खात्यात दाखवला. एकटं कुलूप याला कारणीभूत नव्हतं, पण मोठं कारण होतं. माझा तर्क असा, की यावरून बाकीच्यांनी ‘कुलूप काढा’ हा धडा घेतलाच नाही. त्यांनी धडा घेतला तो ‘डेस्कटॉप दाखवू नका’ हा.

आता दुकानाकडे. आमच्या ॲपमध्ये चित्रकारांना स्वतःचे ब्रश बनवता यावेत म्हणून आम्ही एक छोटी भाषा केली होती. चार ओळी लिहायच्या, ब्रश तयार, आणि तो मित्राला पाठवायचा. एका ॲप-दुकानाच्या परीक्षकाने ते फेटाळलं. तपासणीनंतर बाहेरून येणारा कोड ॲपने चालवायचा नाही, असा नियम. आम्ही ब्रश पाठवायची सोय काढून टाकली आणि ॲप दुसऱ्याच दिवशी मंजूर झालं.

हा नियम जुना आहे. एप्रिल २०१०मध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या ‘स्क्रॅच’चे प्रकल्प दाखवणारं ॲप ॲपलच्या दुकानातून काढून टाकलं गेलं, ते अशाच कलमामुळे. नंतर नियम सैल होत गेले आणि २०१६मध्ये कंपनीने स्वतःच ‘स्विफ्ट प्लेग्राउंड्स’ आणलं. तरी प्रोग्रॅम चालताचालता वेगवान यंत्रसंकेतात बदलण्याची मुभा त्या दुकानातल्या बाहेरच्या ॲपना साधारणपणे नसते. आणि आयपॅडसाठी मोठं ॲप लिहायचं तर मॅक घ्यावाच लागतो.

याउलट आपल्या पवईला काय चाललं होतं पाहा. २०११मध्ये सरकारने ‘आकाश’ टॅबलेट आणला. पहिल्या आकाशचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, पडदा बोटाने दाबून दाबून चालवायचा. त्याची यथेच्छ टिंगल झाली, आणि ती रास्तही होती. २०१२च्या दुसऱ्या आकाशसाठी आयआयटी मुंबईच्या मंडळींनी एक ॲप केलं, ज्यात सी, सी++, पायथन आणि सायलॅब हे सगळं त्या टॅबलेटवरच लिहून चालवता यायचं. खालची यंत्रणा खुली, म्हणून हे जमलं. आकाश पुढे विस्मरणात गेला, पण त्याच्या मालकाला त्यावर प्रोग्रॅम लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

सुरक्षेचं कारण मी हसण्यावारी नेत नाही. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडली आणि खातं रिकामं झालं, अशा बातम्या आपण वाचतोच. ज्याला यातलं कळत नाही त्याच्या हातातलं यंत्र बंद असलेलं बरं. पण त्याच कंपनीचा, त्याच चिपचा मॅक बाहेरचा प्रोग्रॅम टाकताना आधी अडवतो, इशारा देतो, आणि तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन ठामपणे हो म्हणालात तर चालू देतो. लॅपटॉप घेणाऱ्याला जाणता समजायचं आणि टॅबलेट घेणाऱ्याला बाळ, यात सुरक्षा किती आणि हिशोब किती?

हिशोब जाहीर आहे. ॲपलच्या २०२४च्या आर्थिक वर्षात मॅकची विक्री सुमारे ३० अब्ज डॉलर, आयपॅडची सुमारे २६.७ अब्ज आणि ‘सेवां’ची ९६ अब्जांवर. सेवांमध्ये जाहिराती, गूगलकडून येणारे पैसे, वर्गण्या असं पुष्कळ काही आहे. दुकानात होणाऱ्या विक्रीवरचा १५ ते ३० टक्के वाटाही त्यातच. मॅकवर दुकान टाळता येतं, आयपॅडवर एरवी टाळता येत नाही. जोडीला, टॅबलेटने लॅपटॉपचं सगळं काम केलं तर दोन यंत्रं घेणारा माणूस एकच घेईल. एक यंत्र दुसऱ्याचा धंदा खाईल याची भीती नाही, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलेलं आहे, आणि आयफोनने आयपॉड खरोखरच खाल्ला. तरीही आपले बरेच ग्राहक दोन्ही यंत्रं बाळगत असतील तर त्यांची अडचण दूर करायची घाई कुठल्या व्यापाऱ्याला होईल?

सप्टेंबर २०२४पासून युरोपीय संघात आयपॅडवर दुसऱ्या दुकानातूनही ॲप टाकता येतात, कारण तिथल्या कायद्याने भाग पाडलं. म्हणजे तोच टॅबलेट पॅरिसला एक गोष्ट करतो आणि पुण्यात करत नाही. चिपचा, पंख्याचा, बॅटरीचा इथे काही संबंध नाही.

पहिल्या नोकरीत मी शेकडो टॅबलेट बंद केले आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. ते टॅबलेट ज्याने विकत घेतले त्यानेच कुलूप मागितलं होतं, आणि करार संपला की आम्ही ते काढून द्यायचो. दुकानातून स्वतःच्या पैशाने टॅबलेट घेणाऱ्याची गत फ्लॅट नावावर असूनही गच्चीची किल्ली बिल्डरकडे असलेल्यासारखी आहे. कुलूप असू द्या. नव्या माणसासाठी ते आधीपासून लावलेलंही असू द्या. पण इशारे वाचून, जबाबदारी घेऊन ते उघडायची वाट सेटिंगमध्ये कुठेतरी असलीच पाहिजे, आणि ती देणं आपल्याकडेही कायद्यानेच बंधनकारक व्हावं, असं माझं मत आहे. आपणहून कुणी देणार नाही.

तोवर एवढं करा. टॅबलेट घ्यायला जाताना चिपचा नंबर विचारू नका. तुमचं रोजचं काम पेनड्राइव्हवर घेऊन जा. दुकानातच ती फाइल उघडा, दुसऱ्या ॲपमध्ये न्या, काहीतरी मोठं एक्स्पोर्ट लावा आणि मध्येच दुसरं ॲप उघडून पाच मिनिटांनी परत या. विक्रेता म्हणेल, पुढच्या अपडेटमध्ये ही सोय येणार आहे. येईलही. पण आज चालत नसेल, तर त्या सोयीचे पैसे आज देऊ नका.